नोबेलचा दाखला नको, ताटात डाळ हवी

रमजानचा चंद्र दिसला की मोबाइलवर एक संदेश हमखास फिरू लागतो. जपानच्या एका शास्त्रज्ञाला उपवासावरच्या संशोधनासाठी नोबेल मिळाले. रोजा ठेवला की शरीर आपल्याच खराब पेशी खाऊन टाकते. त्यामुळे कर्करोग होत नाही आणि म्हातारपण लांबते, असा त्याचा मजकूर. आषाढी एकादशीच्या सुमारास हाच संदेश पुन्हा येतो. तेव्हा त्यातला रोजा जाऊन तिथे एकादशी आलेली असते. पर्युषणात तो जैन मंडळींच्या गटांवर दिसतो. शास्त्रज्ञ तोच, नोबेलही तेच. सर्वधर्मसमभावाचा असा नमुना दुसरीकडे क्वचितच सापडेल!

संदेश पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. पण त्याने दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे, जी इबादत माणसाच्या संयमासाठी आहे, तिला प्रयोगशाळेच्या दाखल्याची गरज असल्यासारखे वाटू लागते. उद्या एखाद्या संशोधनाने हा दाखला काढून घेतला तर रोजा सोडायचा का? दुसरी गोष्ट अधिक काळजीची आहे. आहार आणि म्हातारपण यांच्या नात्यावर गेल्या नव्वद वर्षांत खरोखर मोठे काम झाले आहे. त्यातून निघणारा धडा या संदेशापेक्षा वेगळा आहे. ज्या घरात साठी-सत्तरी ओलांडलेली माणसे आहेत, त्या प्रत्येक घराच्या स्वयंपाकघराला तो लागू पडतो. संदेशाच्या गर्दीत तो धडा हरवतो.

नोबेल कशासाठी होते?

ज्यांच्या नावाने हा संदेश फिरतो ते योशिनोरी ओसुमी. त्यांना २०१६ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले हे खरे. मात्र त्यांनी उपाशी ठेवले ते यीस्टला. बेकरीत पावाचे पीठ फुगवायला वापरतात तेच यीस्ट. १९९०च्या दशकात त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की, बाहेरून अन्न मिळेनासे झाले की यीस्टची पेशी स्वतःचेच काही भाग पिशवीत भरते, पेशीतल्या एका कप्प्यात नेऊन मोडते आणि त्याच मालातून पुन्हा नवे भाग तयार करते. या क्रियेला ऑटोफॅजी, म्हणजे स्वतःलाच खाणे, हे नाव १९६३ सालीच ख्रिश्चन द दूव या शास्त्रज्ञाने दिले होते. ओसुमी यांनी ती क्रिया चालवणारी जनुके शोधली. त्या प्रयोगात माणूस नव्हता, रोजा नव्हता, एकादशी नव्हती. कितव्या तासाला माणसाच्या शरीरात ही सफाई सुरू होते, हे सांगणारी साधी रक्तचाचणी आजही कुठल्या दवाखान्यात होत नाही. त्यामुळे संदेशातल्या 'सोळा तासां'ना काही आधार नाही.

तरीही यीस्टच्या त्या उपासमारीत एक महत्त्वाची खूण आहे. पेशीला मुख्यतः ज्याची टंचाई जाणवली ते नत्र होते. नत्राशिवाय अमिनो आम्ले बनत नाहीत आणि अमिनो आम्लांशिवाय प्रथिने बनत नाहीत.

तस्बीह असो की जपमाळ, मणी ओवले की माळ होते. प्रथिनांचेही तसेच आहे. अमिनो आम्ले हे त्यांचे मणी. आपल्या शरीरातली प्रथिने वीस प्रकारच्या मण्यांतून बनतात. त्यांतले नऊ शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत. ते अन्नातूनच यावे लागतात. डाळ, अंडे, मटण, दूध काहीही खाल्ले तरी पोट ती माळ तोडते, मणी सुटे करते आणि शरीर त्यांतून आपल्याला हवी ती माळ ओवते. कधी ती मांडीचा स्नायू असते, कधी रक्तातले हिमोग्लोबिन, तर कधी आजाराशी लढणारी प्रतिपिंडे.

पेशीतला मुकादम

मणी आले की नाही, याच्यावर पेशीत एकाची सतत नजर असते. शास्त्रज्ञ त्याला एमटॉर म्हणतात. बांधकामावरच्या मुकादमासारखे त्याचे काम. माल येऊन पडला की तो मजूर नव्या बांधकामाला लावतो. माल संपला की बांधकाम थांबवून पडझड उचलायला, जुन्या विटा साफ करून पुन्हा वापरायला सांगतो. ही साफसफाई म्हणजेच ऑटोफॅजी. ल्युसिन नावाचे अमिनो आम्ल आले की हा मुकादम विशेष जोमाने कामाला लागतो.

त्याच्या शोधाची गोष्ट वाचण्यासारखी आहे. पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावर, ज्याला तिथले लोक रापा नुई म्हणतात, १९६४ साली एक कॅनडियन मोहीम गेली आणि तिथली माती घेऊन आली. त्या मातीतल्या जिवाणूंपासून माँट्रियलच्या प्रयोगशाळेत एक औषध मिळाले. बेटावरून त्याचे नाव पडले रॅपामायसिन. त्यावर वर्षानुवर्षे चिकाटीने काम करणारे सुरेन सहगल फाळणीपूर्व पंजाबातल्या खुशाबचे, बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले. माँट्रियलची प्रयोगशाळा बंद झाली तेव्हा त्यांनी या जिवाणूंचे नमुने घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवले. पुढे ते औषध मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांसाठी मान्य झाले आणि त्याने पेशीतल्या ज्याला थोपवले, त्या मुकादमाची ओळख जगाला पटली. २००९ साली अमेरिकेतल्या प्रयोगांत वयाचे ६०० दिवस पूर्ण झालेल्या, म्हणजे चांगल्याच उतारवयातल्या उंदरांना हे औषध दिले, तरी त्यांचे आयुष्य वाढले. पण हे औषध प्रतिकारशक्ती दाबते. आयुष्य वाढवायला ते घेण्याचा सल्ला कोणी जबाबदार डॉक्टर देणार नाही.

उंदरांच्या ताटातले बदल

त्याआधीची वाट १९३५ सालापासून सुरू होते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी उंदरांना पोषक घटक पुरेसे, पण एकूण अन्न कमी दिले आणि ते उंदीर जास्त जगले. 'कमी खा, जास्त जगा' हे वाक्य तेव्हापासून चलनात आले. पुढे प्रश्न पडला की, कमी म्हणजे नेमके काय कमी?

१९९३ साली नॉर्मन ओरेंट्राइख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच मणी कमी करून पाहिला. उंदरांच्या खाण्यातले मेथिओनिन हे अमिनो आम्ल ०.८६ टक्क्यांवरून ०.१७ टक्क्यांवर आणले. ते उंदीर सुमारे ३० टक्के जास्त जगले. मात्र त्यांची वाढही खुंटली. आयुष्याच्या बदल्यात शरीराने वाढ सोडून दिली होती.

२००९ साली लंडनमध्ये लिंडा पार्ट्रिज यांच्या गटाने फळमाश्यांवर असाच हिशेब मांडला. कमी अन्नावर जास्त जगणाऱ्या माश्यांना अत्यावश्यक अमिनो आम्ले परत दिली. त्यांची अंडी वाढली, आयुष्य घटले. एकटे मेथिओनिन दिले तेव्हा मात्र अंडी वाढली आणि आयुष्य घटले नाही. म्हणजे मण्यांच्या आपसांतल्या प्रमाणावर बरेच काही ठरते.

२०१४ साली सिडनीत उंदरांना २५ वेगवेगळे आहार देऊन पाहिले गेले. प्रथिने कमी आणि पिष्ट जास्त असलेल्या आहारावर पोटभर खाणारे उंदीर सर्वांत जास्त जगले. अन्नात न पचणारा चोथा मिसळून नुसती ऊर्जा कमी केल्याने आयुष्य वाढले नाही. २०१९ साली त्याच शहरातल्या संशोधकांनी उंदरांना ल्युसिन आणि त्याच्या दोन भावंडांचा जादा खुराक दिला. उंदीर अधिक खाऊ लागले, लठ्ठ झाले आणि लवकर मेले. याच तीन अमिनो आम्लांचे डबे आज गावोगावच्या जिममध्ये विकले जातात. इफ्तारनंतर व्यायामाला जाणाऱ्या पोरांनी आणि गणेशोत्सवाआधी दंड कमावू पाहणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे की, घरात डाळ, दूध, अंडी असताना हा खर्च बहुधा वाया जातो.

माणसाचे वय पाहा

उंदरांवरून माणसाचे आयुष्य मोजता येत नाही. माणसांवरचा पुरावा मोजका आहे, पण बोलका आहे.

अमेरिकेत काही धडधाकट, लठ्ठ नसलेल्या लोकांनी दोन वर्षे एक चतुर्थांश खाणे कमी करायचे ठरवले. प्रत्यक्षात त्यांना सुमारे १२ टक्केच जमले. तेवढ्यानेही वय पुढे सरकण्याची गती दोन ते तीन टक्क्यांनी मंदावल्याचे २०२३ सालच्या विश्लेषणात एका मोजपट्टीवर दिसले. त्यांचे आयुष्य वाढले, असे त्यातून सिद्ध होत नाही.

त्याहून महत्त्वाचा अभ्यास २०१४ सालचा. पन्नाशी ओलांडलेल्या ६,३८१ अमेरिकी लोकांची नोंद त्यात तपासली गेली. ५० ते ६५ वयात ज्यांच्या खाण्यातली २० टक्क्यांहून अधिक ऊर्जा प्रथिनांतून येत होती, त्यांच्यात पुढच्या वर्षांतले मृत्यू ७५ टक्के जास्त दिसले. कर्करोगाचे मृत्यू चौपट. ती प्रथिने डाळी-कडधान्यांसारख्या वनस्पतींतली असली तर हा धोका खूप कमी झाला किंवा उरलाच नाही. आणि ६५ वर्षांच्या पुढे चित्र उलटे झाले. तिथे जास्त प्रथिने खाणारेच कमी मेले. हा अभ्यास लोकांनी सांगितलेल्या एका दिवसाच्या खाण्यावर आधारलेला होता, म्हणून त्याचे आकडे जसेच्या तसे डोक्यावर घेऊ नयेत. पण त्याची दिशा मुकादमाच्या गोष्टीशी जुळते.

मुलाच्या, गरोदर बाईच्या शरीरात बांधकाम चालूच राहायला हवे. चाळिशी-पन्नाशीत रोज मटण, रोज पनीर, वर पावडर असा मारा झाला तर मुकादमाला झाडलोटीची सवडच मिळत नाही. आणि साठी-पासष्टीनंतर हाच मुकादम थोडा बहिरा होतो. तरुणपणी जेवढ्या मालावर स्नायू बांधले जात, तेवढा माल आला तरी आता तो हलत नाही. त्याला जास्त मोठी हाक लागते. म्हणूनच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली प्रौढांसाठी वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने सुचवली असली, तरी वृद्धांच्या आहाराचा विचार करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१३ साली त्यांच्यासाठी किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सांगितली आहेत.

आजीच्या ताटाचा हिशेब

पन्नास किलो वजनाच्या आजीला म्हणजे दिवसाला ५० ते ६० ग्रॅम प्रथिने हवीत. आता मोहल्ल्यातले असो की पेठेतले, कुठलेही साधे घर घ्या. सकाळी चहा आणि दोन टोस्ट. दुपारी दोन पोळ्या, वाटीभर भात, वर पातळ आमटी. संध्याकाळी पुन्हा चहा. रात्री 'भूक नाही' म्हणून दूधभाताचे चार घास. ढोबळ बेरीज केली तर वीस-पंचवीस ग्रॅमच्या पुढे आकडा जात नाही. गरजेच्या निम्मासुद्धा नाही. त्यात बाई सर्वांत शेवटी जेवणार. रश्श्यातली बोटी नातवाच्या ताटात, अंडे कमावत्या मुलाच्या ताटात, आणि रस्सा आजीच्या.

अशा घरात 'कमी प्रथिने, दीर्घ आयुष्य' हा मंत्र नेणे म्हणजे उपाशी माणसाला डाएट सांगण्यासारखे आहे. तो धडा ज्यांच्या ताटात जास्त आहे, त्यांच्यासाठी. आजीच्या ताटात आधीच कमी आहे.

'आमचे आजोबा भाकरी-चटणीवर नव्वद वर्षे जगले,' असे कोणी म्हणेल. जगले असतील. पण त्यांच्याबरोबरचे जे साठीतच गेले, ते आज सांगायला नाहीत. शिवाय आजोबा दिवसभर शेतात राबत होते. काम करणारा स्नायू मिळेल तो मणी पकडून ठेवतो. स्नायू झिजला की काय होते, ते घराघरात दिसते. सजद्यातून हाताचा आधार न घेता उठता येत नाही. देवळाच्या पायऱ्या चढवत नाहीत. एस.टी.च्या पायरीवर पाय टाकायला कोणाचा तरी हात लागतो. मग एक दिवस मोरीत पाय घसरतो, मांडीचे हाड मोडते आणि माणूस अंथरुणाला खिळतो. आयुष्य किती वर्षांचे, यापेक्षा शेवटची दहा वर्षे कशी जातात, हा प्रश्न इथे आहे. उत्तर बऱ्याच अंशी ताटात आणि रोजच्या चालण्यात आहे.

सुदैवाने यासाठी परदेशी डबे लागत नाहीत. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. पेलाभर दुधात ६ ते ७, मूठभर शेंगदाण्यांत ७ ते ८, आणि ३० ग्रॅम तुरीच्या डाळीत ६ ते ७. गहू-तांदूळ-ज्वारीत लायसिन हा मणी कमी, तर डाळींत मेथिओनिन कमी. दोन्ही एकत्र आले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. वरण-भात, पिठले-भाकरी, डाळ-चपाती या जोड्या आपल्या आज्यांनीच जमवल्या आहेत. रमजानमधली हलीम आणि खिचडा हे त्याचेच भरदार रूप. गहू, डाळी आणि थोडे मटण रात्रभर मंद आचेवर इतके शिजते की दात नसलेल्या माणसालाही ते गिळता येते. मटण न खाणाऱ्यांच्या घरी सातूचे पीठ आहे. गहू आणि फुटाणे भाजून दळलेले हे पीठ दुधात कालवले की तेच काम करते. उलट साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतात. उपवासाच्या खिचडीला जो काही आधार असतो तो शेंगदाण्याच्या कुटाचा. वाढताना हात आखडायचा तर तो तुपावर आखडावा, कुटावर नको. इफ्तारचेही तसेच. खजूर, सरबत, भजी, समोसे यांनी पोट भरले की जेवण मागे पडते. रोज्याने तेरा-चौदा तास पोट रिकामे राहिले तरी रात्री नुसते तेल आणि साखर गेली, तर त्यातून शरीराला बांधायला काही मिळत नाही. म्हाताऱ्या रोजेदाराच्या सहेरीत अंडे, दही किंवा घट्ट डाळ असलीच पाहिजे.

एक सावधगिरी मात्र हवी. ज्यांचे मूत्रपिंड कमजोर आहे त्यांनी प्रथिने किती घ्यावीत, हे डॉक्टरनेच ठरवायचे. मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्यांनीही रोजा किंवा कडक उपवास डॉक्टरला विचारूनच करावा.

सवलत आहे, ती घ्यावी

कुरआनने आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची मुभा दिली आहे. ज्यांना वयामुळे तो झेपतच नाही, त्यांच्यासाठी फिदिया आहे. म्हणजे सुटलेल्या प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालायचे. तरीही अनेक घरांत ऐंशीची दादी हट्टाने रोजे ठेवते आणि घरचे कौतुकाने पाहतात. चातुर्मासातल्या कडक उपवासांबाबत हिंदू घरांतही असेच कौतुक असते. श्रद्धेचा मान राखून तिला समजावणे हे मुला-नातवांचे काम आहे. अल्लाहने दिलेली सवलत नाकारण्यात कसला मोठेपणा?

आणि फिदियाचे जेवण म्हणजे तरी काय, याचाही विचार व्हावा. ज्या गरिबाच्या नावाने ते दिले जाते, त्याच्या ताटात बहुधा भात-चपाती आधीच असते. अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ सालापासून प्राधान्य कुटुंबांना माणशी महिन्याला ५ किलो धान्याचा हक्क दिला आहे. त्या कायद्यात डाळीचा हक्क नाही. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये औषध आणि चहा-साखरेतच संपतात. त्यामुळे म्हाताऱ्या गरिबाचे पोट भरते, पण मणी मिळत नाहीत.

शहरातल्या जमाती, तरुण मंडळे आणि दानशूर व्यापारी रमजानमध्ये हजारो किट वाटतात. दिवाळीत असेच फराळाचे वाटप होते. त्यांत आटा, तांदूळ, साखर, तेल, शेवया, सरबताची बाटली ठरलेली. यंदा साखर दोन किलोंऐवजी एक किलो करून त्या पैशात तूरडाळ, हरभरे आणि शेंगदाणे घातले, तर खर्च फारसा वाढणार नाही. ज्या घरात साठीपुढचे माणूस आहे तिथे दूध पावडरचे एक पाकीट जास्त जावे. मागणी सरकारकडेही हवी. रेशनवर धान्याबरोबर डाळ हा कायमचा हक्क झाला पाहिजे. ती मागणी मशिदीच्या सदरांनी आणि मंदिराच्या विश्वस्तांनी एकाच निवेदनावर सह्या करून तहसीलदारांकडे नेली, तर तिला वजन येईल. भूक आणि म्हातारपण या दोन्ही गोष्टी जात-धर्म विचारून येत नाहीत.

ओसुमी यांच्या यीस्टने जगाला एक मोठी गोष्ट शिकवली. शरीर टंचाईतही स्वतःला सावरते. पण सावरण्याची ती ताकद वयाबरोबर ओसरते आणि तेव्हा घरच्यांनी हात पुढे करायचा असतो. नोबेलचा संदेश पुढे ढकलायला दोन सेकंद लागतात. आज इफ्तारला किंवा रात्रीच्या जेवणाला घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या ताटात घट्ट डाळ आहे का, हे पाहायलाही तेवढेच लागतात.